कोराडीच्या पट्ट्यावर नाचलं कन्हानचं वऱ्हाड

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोराडीच्या वीजकेंद्रात तंत्रज्ञ होतो. कोळसा वाहून नेणारा रबरी पट्टा दिवसभर डोक्यावरून फिरायचा आणि त्याचा सांधा रोलरवर आला की ‘ठक’ व्हायचं. मागे पंपाची घरघर चालूच. बाकीचे लोक कानात कापूस घालायचे. माझे मात्र पाय हलायचे.

एक दिवस साहेबांना म्हटलं, आवाजावरून बिघाड ओळखायचा सराव करायचाय, टेपरेकॉर्डर आणू का? साहेबांनी पाठ थोपटली. मी पट्टा टेप केला, पंपही टेप केला. घरी कॅसेट उघडून पट्ट्याच्या आवाजाची वीतभर फीत कापली आणि दोन्ही टोकं चिकटवून तिचा गोल केला. आता ती न थांबता फिरत राहायची. एका टेपरेकॉर्डरवर पट्टा, दुसऱ्यावर पंप. क्वार्टरच्या खिडक्या थरथरायच्या.

दुसरा टेपरेकॉर्डर बायकोच्या माहेरचा होता. ती म्हणाली, “अहो, हे काय करून राहिले तुम्ही? दिवसभर ऐकता तेवढं पुरत नाही का?”

मे महिन्यात धाकट्या मेहुणीचं लग्न कन्हानला होतं. मेहुण्याला दाखवायला म्हणून मी दोन्ही मशिनी पिशवीत घालून नेल्या. दुपारचं लग्न. लाऊडस्पीकरवाल्यानं गाण्यांच्या तबकड्यांची पेटी भर उन्हात जीपच्या टपावर ठेवून आणली होती. मांडवात उघडून पाहतो तर सगळ्या तबकड्या तळलेल्या पापडासारख्या वाकलेल्या.

वरात दाराशी आणि भोंगा मुका. सासरे धावत माझ्याकडे आले.

“जावईबापू, तुमच्या पिशवीत काही हाय म्हणते. लावा!”

“पण मामाजी, ते गाणं नाही...”

“नसू द्या. आवाज तर हाय ना?”

मी दोन्ही मशिनी माइकसमोर ठेवून लावल्या. ठक. घर्र. ठक-ठक. कोणी आचाऱ्याला शेगडी बंद करायला सांगितलं, कोणी पिठाची गिरणी शोधायला गेलं. नवरदेवाचे मामा कोळसा खाणीत कामाला होते आणि वरातीच्या आधीच येऊन कूलरसमोर डुलक्या घेत होते. ते ताडकन उठले.

“पट्टा कोनं सुरू केला? मानसं बाजूले करा!”

सगळा मांडव हसून लोटपोट झाला. मामाही लाजले, पण त्यांचे पाय थांबेनात. ते ‘ठक’वर पाऊल टाकत वरातीपुढे निघाले. त्यांच्यामागे खाणीतले चार सोबती, त्यांच्यामागे डफवाला आणि मग अख्खं वऱ्हाड. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी ओरडत आले, तेही ‘ठक’लाच टाळी वाजवत.

अन् फीत तुटली.

शंभर पाय जिथल्या तिथे. मी पिशवी उलटी केली. चिकटपट्टी कोराडीला राहिलेली. तेवढ्यात बायकोनं आचाऱ्याची परात ओढली आणि झाऱ्यानं ताल धरला, अगदी पट्ट्याचा! सहा महिने नाक मुरडत तिनं तो पाठ केला होता, हे मला तेव्हा कळलं.

“पाहून काय राहिले? जोडा!” ती म्हणाली. “माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट हाय.”

मी लाल टिकलीनं फीत जोडली. टिकली यायची तेव्हा मध्येच एक ‘टप’ वाजायचं. लोकांना तेच सगळ्यांत आवडलं. मामा तर ‘टप’वर उडी मारायला लागले.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी मला शेजारी बसवलं. “गाणं झकास होतं,” ते म्हणाले, “पण शब्द काही नीट समजले नाही.”

त्यानंतर पाच-सहा वर्षं मला साखरपुड्यांची, गॅदरिंगची आमंत्रणं येत राहिली. मी चक्की टेप केली, शिवणयंत्र टेप केलं, गुळाचं गुऱ्हाळही. बायको परात घेऊन माझ्या शेजारी बसायची. नंदनवन वस्तीतल्या एका हळदीला आम्ही पोचलो तर यजमानांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “मशिनी राहू द्या. फक्त बाई आणि परात आल्या तर चालेल का?”

बायकोनं पदर खोचला आणि माझ्याआधी मांडवात शिरली.