न आलेला ढेकर

जनी घरत अठरा वर्षं आडवी पडून झोपली नव्हती. पाठीशी दोन उशा, त्यांच्यामागे गोधडीची घडी, आणि तिला टेकून बसल्या बसल्या काय डोळा लागेल तेवढीच झोप. जरा खाली घसरली की घशाशी आंबट यायचं आणि छातीत निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. घरात या दुखण्याला 'जळजळ' एवढंच नाव होतं. थंड दूध, खायचा सोडा, मेडिकलमधली गुलाबी बाटली, यावर तिने अठरा वर्षं रेटली.

तिचं घर पनवेलजवळ करंजाड्यात. जुनं गाव विमानतळात गेलं तेव्हा इथे प्लॉट मिळाला. मुलगा दीपेश याने त्यावर तीन मजले चढवले. खाली घरची माणसं, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. त्याआधीचं जनीचं सगळं आयुष्य खाडीकाठच्या मिठागरात गेलं होतं. नवरा भगवान आणि त्याचा जोडीदार काशिराम, हे दोघं तिथली उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि अडवायचं फळ्यांचं दार. तीस वर्षं त्या दोघांनी एकाच डब्यात भाकरी खाल्ली. आता मिठागरावर भराव पडला होता, भगवानच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि तो दिवसभर पुढच्या खोलीत खाटेवर बसून असायचा.

जनीकडे आणखी एक काम होतं. ती नजर उतरवायची. मूठभर जाडं मीठ, सुक्या मिरच्या, थोडी मोहरी. समोरच्याला पाटावर बसवून ती ओवाळायला लागली की तिला ढेकर यायला लागायचे, मोठाले, पोटाच्या तळातून आल्यासारखे. लोक ते मोजायचे. तीन आले तर साधी नजर, सात आले तर जबरदस्त. तिची आई आपटा गावी हेच करायची. आईला जांभया यायच्या, हिला ढेकर. समोरच्याचं आपण ओढून घ्यायचं आणि तोंडावाटे सोडून द्यायचं, एवढीच तिची समज. त्याचे पैसे तिने कधी घेतले नाहीत.

"आई, तुला ॲसिडिटी हाय म्हणून ढेकर येतात," दीपेश म्हणायचा.

"मंग मिरच्या हातात घेतल्यावरच कशे येतात?" जनी विचारायची.

मग एका दिवाळीत तिला काळपट उलटी झाली. दुर्बीण घालून पाहिलं तर अन्ननळी खालून सोलवटली होती, आणि जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकला होता. सर्जन होत्या डॉक्टर विनिता. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. जठराची वरची टोपी मफलरसारखी अन्ननळीभोवती गुंडाळायची, म्हणजे आम्ल वर येणार नाही. "ढेकर मात्र देता येईल असं नाही. उलटीही होणार नाही. काही जणांना पोट फुगल्याचा त्रास राहतो. नीट विचार करा."

"ढेकर नाय आला तर बरंच की," दीपेश हसून म्हणाला. जनीही हसली. अठरा वर्षांच्या जळजळीपुढे ढेकर ती काय गोष्ट!

ऑपरेशन झालं. तिसऱ्या आठवड्यात जनी पहिल्यांदा सपाट झोपली. सकाळी भगवानचा हात चाचपडत तिच्यापाशी गेला तेव्हा ती उशांवर नव्हती, खाली पसरलेली होती. तो इतका घाबरला की त्याने तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. ती जागी झाली आणि हसत सुटली. इतकी शांत झोप तिला लग्नाआधी लागली असेल तेवढीच.

पण महिना उलटला तशी दुसरीच कहाणी सुरू झाली. भाकरीचा घास छातीच्या मध्यावर अडून बसायचा. दोन घास खाल्ले की पोट ढोलकीसारखं ताठ. ढेकर वर यायचा, बरगड्यांच्या जोडापाशी थांबायचा, आणि तिथूनच मागे फिरायचा. खालची वाट मात्र दिवसभर मोकळी. त्या लाजेने तिने लग्नं-बारशी सोडली. आणि पोट बोलायला लागलं. कुणी गुडघाभर पाण्यातून चालत असावं तसा आवाज यायचा.

चौथ्या महिन्यात वरच्या मजल्यावरची वल्लरी खाली आली. कडेवर आठ महिन्यांची अनुष्का. दोन दिवस मूल दूध घेत नव्हतं, एकसारखं किरकिरत होतं. "काकू, डॉक्टरांना दाखवलं, सगळं नॉर्मल आहे. माझा यावर विश्वास नाही हो, पण आई फोनवर सारखी मागे लागलीय."

जनीने मीठ-मिरच्या घेतल्या. ओवाळलं. ढेकर उठला, चढला, आणि अडला. दुसरा उठला, तोही अडला. तिच्या कपाळावर घाम आला. मूल मात्र शांत झालं आणि आईच्या खांद्यावर झोपून गेलं.

त्या दुपारी जनीचं पोट इतकं फुगलं की परकराची नाडी सोडावी लागली. आणि आतून बारीक कुरकुर सुरू झाली. गॅस असेल, तिने मनाशी म्हटलं. पण गॅस मध्येच थांबून श्वास घेत नाही. हा आवाज घेत होता. हुंदका, दम, पुन्हा हुंदका. जिन्यावरून उतरणारी वल्लरी दाराशी थांबली.

"काकू, तुमच्याकडे कुणाचं बाळ आलंय का?"

"नाय गं," जनी म्हणाली आणि पोटावर पदर ओढून घेतला. दोन दिवसांनी तो आवाज आपोआप विरला. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

त्यानंतर तिने नजर काढणं बंदच करून टाकलं. पण काशिरामला नाही म्हणता आलं नाही.

काशिराम तीन गल्ल्या सोडून राहायचा. त्याचा खोकला सगळ्या मिठागराला ठाऊक होता. दोन तोकडे, एक लांब, आणि शेवटी 'हंऽ', स्वतःच्याच बोलण्याला होकार दिल्यासारखा. दोन महिने त्याचं अन्न तुटलं होतं. मुलगा मिथुन त्याला धरून घेऊन आला.

"भावोजी, माझ्याच्यानं आता सुटत नाय," जनी म्हणाली. "आत गेलं की आतच राहतं."

"वैनी, तू नुसतं ओवाळ. बाकीचं मी बघतो."

तिने ओवाळलं. सात वेळा ढेकर चढला आणि सातही वेळा मागे फिरला. काशिराम त्या दिवशी घरी जाऊन सुक्या बोंबलाबरोबर दोन भाकऱ्या जेवला. आठ दिवस हिंडला, फिरला, भगवानशी येऊन गप्पा मारून गेला. नवव्या दिवशी सकाळी दारातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

भगवान रडला नाही. नुसता खाटेवर बसून राहिला.

चार दिवसांनी भर दुपारी जेवणं उरकली होती. दीपेश कामावर, भाडेकरूंची दारं बंद, गल्लीत कुत्रंही नव्हतं. जनी ओट्याशी भांड्याची खरवड काढत होती. पोटात काहीतरी वळलं. मग आतून आवाज आला. दोन तोकडे, एक लांब, आणि शेवटी 'हंऽ'.

तिच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं.

पुढच्या खोलीतून भगवानचा आवाज आला, नेहमीचा, सहज. "काशिराम? ये, बस."

जनी ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर खाट करकरली. भगवान बाजूला सरकून जागा करत होता.

त्या दिवसापासून दुपारी जेवणानंतर भगवान तिला म्हणायचा, "इथं येऊन बस जरा." लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. ती बसायची. तो तिच्याकडे तोंड करून बसायचा, पण बोलायचा ते तिच्याशी नाही. भरतीची वेळ, कुठला बांध खचलाय, कुणाच्या वाफ्यातलं मीठ काळं पडलंय. पोटातून खोकला यायचा. भगवानच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. काशिरामच्या दहाव्याला तो गेला नाही. दीपेशने विचारलं तर म्हणाला, "कुठं जायाचं? तो हितंच हाय." म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं दीपेशला वाटलं.

जनीचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं. ती पुन्हा डॉक्टर विनितांकडे गेली. त्यांनी पांढरं औषध पाजून फोटो काढले, नाकातून नळी घालून अन्ननळीचा दाब मोजला. गुंडाळी जास्त घट्ट बसली होती. गिळलेली हवा जठरात अडकत होती. "आवाज त्याचेच," डॉक्टर म्हणाल्या. आधी फुग्याने ती जागा ताणून पाहिली, दोनदा. घास थोडा सुटला. ढेकर नाही.

"गुंडाळी सोडवून अर्धीच बांधता येईल," डॉक्टरांनी सांगितलं. "पण दुसऱ्यांदा आत जाणं पहिल्यासारखं सोपं नसतं. सगळं एकमेकाला चिकटलेलं असतं. धोका जास्त. आणि जळजळ थोडीफार परत येऊ शकते. घाई नाही. घरी बोला."

जनीने तीन महिने विचार केला. सपाट झोप जाईल, हे एक भय. टेबलावरून उठणारच नाही, हे दुसरं. दीपेश म्हणाला, "तुझं तू ठरव, मागच्या वेळी मीच घाई केली." भगवानला विचारलं तेव्हा तो पटकन म्हणाला, "नको करू."

"का?"

"तुला जळजळ यील परत."

"यीऊ दे."

भगवानने खाटेची कड चाचपली. मग खाली बघत म्हणाला, "तो जाईल ना गं."

जनीला भडभडून आलं, आणि रागही आला. "तुमचा जोडीदार हाय, पण पोट माझं हाय. किती दिस सांभाळू मी त्याला?"

तरीही कदाचित तिने आणखी काही महिने काढले असते. पण एका दुपारी भगवानने नेहमीसारखं विचारलं, "उघाडी लावलीस ना?" आणि पोटातून या वेळी खोकला आला नाही. नुसता 'हंऽ' आला, प्रश्नाच्या पाठोपाठ, ऐकून दिल्यासारखा. भगवानने मान डोलावली. जनी उठली, आत गेली आणि दीपेशला फोन लावला. "तारीख घे," एवढंच बोलली.

ऑपरेशन चार तास चाललं. गुंडाळी सुटली, अर्धी बांधली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती वॉर्डमध्ये डाळीचं पाणी पीत होती. शेजारच्या खाटेवर आशालता नावाच्या पनवेलच्याच निवृत्त शिक्षिका होत्या, मधे हिरवा पडदा. जनीच्या पोटात कळ उठली, वर चढली, बरगड्यांच्या जोडापाशी आली, आणि थांबली नाही. तोंडावाटे बाहेर पडली. एक, दोन, तीन. सात.

पडद्यापलीकडून आशालताबाई म्हणाल्या, "अहो, कोण खोकतंय? बायकांच्या वॉर्डात पुरुषमाणसाला कसं सोडलं?"

नर्स आली. पडदा सारून तिने दोन्हीकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. बाईंनी आपलं म्हणणं सोडलं नाही. म्हाताऱ्या माणसाचाच खोकला होता, आणि तो दाराकडे चालत गेला, असं त्या म्हणत राहिल्या. जनीने तोंडाला पदर लावला होता. तिचं पोट सपाट झालं होतं, हलकं, रिकाम्या मडक्यासारखं.

ती घरी आली. जळजळ थोडी परतली. सकाळी एक गोळी आणि डोक्याखाली चढती उशी, एवढ्यावर तिचं भागतं. भाकरी कुस्करून का होईना, जाते. नजर उतरवायला कुणी आलं तर ती हात जोडते.

भगवान तीन दुपारी तिच्याजवळ येऊन बसला. कान तिच्याकडे करून. चौथ्या दुपारी त्याने विचारलं, "तिकडं दवाखान्यात काय ऐकलंस का?"

"नाय," जनी म्हणाली.

"मंग आता तो कुठं गेला असंल?"

ती ताटं उचलायला लागली. भगवान पुढे सरकला. मग पाय खाली सोडून म्हणाला, "माझ्या चपला दे. त्याच्या घरी जाऊन येतो."

उन्हातून ती त्याला हाताला धरून तीन गल्ल्या पलीकडे घेऊन गेली. मिथुन बाहेर आला आणि "काका, बसा," म्हणून त्याने दारातली खुर्ची पुढे केली. भगवान बसला नाही. त्याने खुर्चीच्या हातावरून हात फिरवला, पाठीवरून फिरवला, आणि मग तिथेच खाली बसून मोठमोठ्याने रडायला लागला. मिथुन पाणी आणायला आत धावला.

जनी बाजूला उभी होती. काशिरामला आपण कुठे सोडून आलो ते तिला ठाऊक होतं. वॉर्डचा नंबर, खाटेचा नंबर, दार कुठल्या अंगाला, सगळं पाठ. तिथे त्याला ओळखणारं एकही माणूस नव्हतं. ते तिने भगवानला तेव्हा सांगितलं नाही, आणि अजूनही सांगितलेलं नाही.