गुडघ्याला विचारून

हॉटेलच्या लाँड्रीतली पाळी संपली की मावशी दारातल्या पायरीवर बसायची, साडी जरा वर सरकवायची, उजव्या गुडघ्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि त्यालाच विचारायची, "काय रं, येतुस का ऱ्हातुस?"

गुडघ्याचं उत्तर आम्हा बरोबर काम करणाऱ्या पोरींना तिच्या पुढच्या हालचालीवरून कळायचं. तो 'येतो' म्हणाला, तर लोकलची वेळ होईपर्यंत ती हॉटेलमागच्या टेकाडावर चक्कर मारून यायची. 'ऱ्हातो' म्हणाला, तर तिथंच धुवायला आलेल्या चादरींच्या गाठोड्यावर, डोळ्यांवर पदर ओढून आडवी. दोन्ही गोष्टी ती सारख्याच ऐटीत करायची.

एकदा सुपरवायझर सरांनी तिला गाठोड्यावर पाहिलं. "मावशी, हे काय चाललंय?"

मावशीनं पदरही हलवला नाही. "ड्युटी सुटली, सायेब. धा मिंटाचं गिऱ्हाईक हाय मी. भाडं नगा लावू."

सर हसत निघून गेले. एरवी सर हसल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही कधी लोणावळ्यात उतरला असाल, तर तुम्हीही पाहिलं असेल. माणसं पुण्या-मुंबईहून दमून येतात आणि पलंग नि बाल्कनी यांच्यामध्ये उभी राहून भांडतात. एक म्हणतो पडू या, दुसरा म्हणतो पॉइंट बघून येऊ. मी टॉवेल द्यायला जायचे तेव्हा भांडण चालू असायचं, ओले टॉवेल आणायला जायचे तेव्हाही चालूच. मावशीला सांगितलं की ती कपाळाला हात लावायची. "येवढं पैसं भरून आल्यात, आन गुडघ्याला इचारायचं कुनाला सुचंना."

मला हसू यायचं, पण माझंही तेच होतं. मी बीडकडची. नववीतून शाळा सुटली आणि आईबापाबरोबर ऊसतोडीला गेले. तिथून ओळखीतल्या एका ताईनं मला इथं आणलं. राहायला हॉटेलच्या मागं एक खोली मिळाली, एकटीची. एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं, आणि तिथंच माझी झोप गेली. सुट्टी बुधवारी असायची, कारण शनिवार-रविवारी हॉटेल भरलेलं. बुधवारी कडी लावून दिवसभर पडायचे. इस्त्रीचं बटण बंद केलं होतं का, सर काल तसं का बोलले, आईचा फोन का आला नाही. संध्याकाळी उठायचे तेव्हा आदल्या दिवसापेक्षा जास्त दमलेली. बाहेर पडले तर अर्ध्या वाटेत वाटायचं, पडून राहिले असते तर बरं. मग परत फिरायचे.

शेवटी मी सरांना सांगितलं, महिनाअखेर घरी जाते. घरी म्हणजे पुन्हा हातात कोयता, हे मला कळत होतं. पण अंग ऐकत नव्हतं.

मावशीला हे कळलं तेव्हा ती अभ्र्यांच्या घड्या घालत होती.

"घरी जाऊन काय करनार?"

"झोपेन."

"हितं काय कोन ढोल वाजवतंय व्हय?"

तिनं दोन-तीन घड्या घातल्या आणि म्हणाली, "बुधवारी माज्या गावाला चल."

"हिंडायला?"

"हिंडायलाच. गेल्यावर हातात इळा देते."

तिचं गाव आंदर मावळात. आम्ही लोकलनं कान्ह्याला उतरलो, जीपमध्ये बसलो, जीप जिथं थांबली तिथून पुढं चालत गेलो. भाताची काढणी चालू होती. बांधावरूनच मावशीनं सगळ्यांना "जय भीम" घातला आणि माझ्या हातात खरंच विळा दिला. विळा मला नवा नव्हता. मी वाकले आणि कापायला लागले.

तिची सून म्हणाली, "आत्या, पाव्हनीला कशाला कामाला लावलं?"

"पाव्हनी कुटं? दमल्याली पोर हाय ती."

"दमलेल्याला असं करत्यात व्हय?"

"तू गप. तुला लय कळतंय."

दुपारी भाकरी-कालवण झालं आणि सगळे जांभळाच्या सावलीत आडवे झाले. त्यांच्याकडं अशी रीत होती की सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही. गुरं भातात शिरू नयेत म्हणून एकजण बसून राहायचा. त्या दिवशी पाळी सुनेची होती. मावशी तिला म्हणाली, "तू पड. मी बसते राखनीला." मीही सगळ्यांच्या कडेला पडले. कुणीतरी कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाला नावं ठेवत होतं. कुणी हसत होतं. पुढं त्या जेवणाचं काय झालं ते मला माहीत नाही.

जागी झाले तेव्हा माझ्यावरची सावली सरकून गेली होती आणि सगळे केव्हाच कामाला लागले होते. मावशी तेवढी माझ्या उशाशी बसलेली, हातात डहाळी, माझ्या तोंडावरच्या माशा वारत. मी धडपडत उठले. "मावशी, उठवलं का नाही?"

"कशापायी? भात काय तुज्यावाचून अडलंय?"

मग डहाळी खाली ठेवत ती हळू आवाजात म्हणाली, "खोलीत कडी लावून तू एकटी पडतीस, आन सोताच राखनीला बसतीस. मंग झोपनार कोन?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, जात नाही. एकटीची खोली सोडली आणि स्वयंपाकघरातल्या बायकांच्या मोठ्या खोलीत पथारी टाकली. त्या भाजी निवडत बडबडत असतात, एकमेकींना टोमणे मारतात, एक तर झोपेतही बोलते. मी गाढ झोपते. आणि झोप झाली की बाहेर जायला पाय आपोआप उठतात, हे मला तेव्हा नव्यानं कळलं.

मावशी आता लाँड्रीत नाही. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि नोकरी सुटली. फोनवर तिची वेगळीच तक्रार. "डाक्टर म्हनतो आराम करा, व्यायामवाली बाई म्हनती चाला. आता दोघांतलं कुनाचं ऐकू?"

गेल्या बुधवारी भेटायला गेले. ती वॉकर धरून अंगणाच्या कडेपर्यंत आली होती. पुढं शेताकडं जाणारी वाट, जरा उताराची, जरा दगडांची. ती तिकडं बघत उभी होती. माझा काळजीचा स्वभाव काही गेलेला नाही. पडशील, बस, आत चल, असं सगळं माझ्या ओठांवर आलं. तिचा चेहरा पाहिला आणि मी आत जाऊन तिच्या चपला आणल्या, तिच्यापुढं ठेवल्या.

तिनं चपलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आगं, पायात सरकव की. मला वाकता येतंय व्हय?"