जावईबापूंची फायनल आणि आमचा लाल संघ

आधी कबूल करा, हसणार नाही. आणि हसलात तरी आवाज शिरूरपर्यंत जाता कामा नये, कारण तिथं माझे व्याही राहतात. करा कबूल. हां. आता चहा घ्या आणि ऐका.

आमच्या प्राजक्ताचा साखरपुडा शिरूरच्या ऋषिकेशशी झाला. पोरगा अमेरिकेत शिकतो. त्याचे वडील रिटायर्ड हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. माणूस सज्जन, पण बोलणं मोजून! साखरपुड्याच्या चार तासांत ते एकूण तीन वाक्यं बोलले, त्यातलं एक 'भाजीत मीठ कमी आहे' हे होतं. असा माणूस लग्नाची तारीख धरायला आमच्याकडं पाटसला मुक्कामी येणार म्हटल्यावर मला धडकीच भरली. छाप पाडायची कशी?

तेवढ्यात जावईबापूंचा फोन आला.

"मामा, आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम नॅशनल फायनलला गेली! मी स्टेडियममध्येच असणार आहे. तुमच्याकडं मंगळवारी पहाटे सहाला दिसेल. पप्पा पण तिथंच असतील ना? दाखवा त्यांना."

फुटबॉल! अहो, मी दौंडच्या शाळेत शिकलेला माणूस. दोन वर्षं शाळेच्या संघात गोलकीपर होतो! आता तुमच्यापासून काय लपवायचं, राखीव गोलकीपर. म्हंजी मध्यंतरात लिंबू कापून द्यायचो. पण संघात होतो ना?

"मामा, फक्त हा फुटबॉल जरा वेगळा असतो, आणि फायनलला आम्ही..."

"जावईबापू, आम्हाला फुटबॉल शिकवता व्हय?" असं म्हणून मी हसत फोन ठेवला.

त्याचं वाक्य तेवढं पुरं होऊ दिलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काहीच नसतं.

कंपनीत माझी दुपारची पाळी होती, त्यामुळं सकाळ मोकळी. सोमवारी संध्याकाळीच मी टीव्ही पडवीत आणून मांडला. सतरंज्या टाकल्या. सगळ्या आळीला आवतण दिलं, 'जावयाच्या कॉलेजची फायनल हाय, या.' पेढे आणले, गुलाल आणला, फटाक्यांची माळसुद्धा आणली.

बायको म्हणाली, "अवो, हरले तर?"

"हरत्यात कशाला? तू चहाचं बघ."

मंगळवारी पहाटे थंडी मी म्हणत होती. मधल्या खुर्चीत मफलर गुंडाळून गुरुजी. शेजारी मी. खाली शेजारचे आबा, ज्यांनी ऐन तारुण्यात तालुक्यातले सगळे आखाडे गाजवले. आणि कुरकुंभला माझ्याच कंपनीत असलेला बबन, तो रातपाळीतनं तासभर आधी सुटून तसाच येऊन बसला होता. मागं सगळी आळी.

टीव्ही लावला आणि मी गारच पडलो. मला वाटलेलं, कॉलेजची मॅच म्हंजी दोनशे पोरं आणि एक शिट्टी. तिथं अख्खा तालुका बसेल एवढं स्टेडियम! त्यात खेळाडू आले. डोक्यात हेल्मेट, तोंडाला जाळी, खांदे हे एवढाले.

"भाऊ," बबन म्हणाला, "ही पोरं खेळाया आल्यात का वेल्डिंगला?"

"थंडी आसंल तिकडं," मी म्हणालो.

"आन् चेंडू दबलाय त्यो."

"प्रवासात दबला आसंल. गप बघ."

खेळ सुरू झाला. एकानं चेंडू हातात घेतला, काखेत मारला आणि सुटला पळत! दुसऱ्या पाच जणांनी त्याच्या अंगावर उड्या घेतल्या. मी वाट बघतोय, आता रेफरी हाताला फाऊल देईल. कुठलं काय! लोक टाळ्या वाजवतायत.

"फुटबॉल हाय ना ह्यो?" आबांनी विचारलं.

"कॉलेजचा हाय आबा. सुरवातीला जरा हात चालतो."

"मंग ही कुस्तीच हाय की!" आबा एकदम खुलले. "चेंडू आपला नावाला!"

गुरुजींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "आपले कोणते?"

हा प्रश्न सोपा होता. जावईबापू व्हिडिओ कॉलवर कायम लाल टीशर्टमध्ये असायचे, छातीवर कॉलेजचं नाव. मैदानात एक संघ लाल, एक पांढरा. मी छातीठोकपणे म्हणालो, "लाल!"

गुरुजींनी चष्मा पुसला, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं. "लालसमोरची अक्षरं आपल्या कॉलेजची वाटत नाहीत."

"ती जाहिरातीची असत्यात गुरुजी." मी म्हणालो. हेडमास्तरला! अक्षरांबद्दल! आणि तो भला माणूस 'असं का' म्हणून गप्प बसला.

मग काय, झाली सुरवात. लाल पळाला की आळी ओरडायची. पांढरा पळाला की आबा ओरडायचे, "धर त्याचा पट! धर!" मध्येच एका लाल पोरानं चेंडूला एकदाची लाथ मारली. मी उठून उभा राहिलो, "बघा! म्हटलं न्हवतं, फुटबॉलच हाय!" चेंडू दोन खांबांच्या मधून उंच निघून गेला. "छ्या! वरनं घालवला येड्यानं!"

"गुण वाढला आपला," गुरुजी हळूच म्हणाले.

मी खाली बसलो.

पण मजा यायला लागली हो! मी आळीचा व्हिडिओ काढला, 'लाल! लाल! लाल!' असा सगळ्यांचा गजर, मध्ये गुरुजी मूठ वर करून. दिला स्टेटसला टाकून. पाचव्या मिनिटाला प्राजक्ताचा फोन, पुण्याहून. मी कट केला. परत आला. परत कट. सहा वेळा! मी गुरुजींना म्हणालो, "पोरीला लई उत्साह. म्याच संपल्यावर बोलू की."

ती मॅच संपेचना. दर दोन मिनिटांनी थांबायची. पातेलंभर चहा तीनदा झाला. दहा वाजायला आले. शेवटी शेवटी तर दोन्ही संघ अगदी बरोबरीला, आणि शेवटच्या मिनिटाला लाल पोरगा चेंडू घेऊन असा सुटला, असा सुटला... रेषेच्या पार!

पडवी दणाणली. माळ लागली. गुलाल उधळला. मी गुरुजींना खुर्चीतून उठवलं, आणि काय सांगू, तो चार तासांत तीन वाक्यं बोलणारा माणूस आबांचा हात धरून नाचला! मी स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. मनात म्हटलं, पडली छाप.

"लावा ऋषीला फोन," गुरुजी धापा टाकत म्हणाले.

व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर जावईबापू. डोळे सुजलेले, नाक लाल, अंगात पांढरं जाकीट, डोक्याला पांढरी टोपी.

"अभिनंदन बाळा!" गुरुजी ओरडले. कपाळापासून मफलरपर्यंत गुलाल.

पोरगा बघतच राहिला. "कशाचं पप्पा? आपण हरलो!"

"हरलो? लाल जिंकले की!"

"ते समोरचे होते. आपले लाल कपडे घरच्या मैदानावर असतात. आज आपण पांढऱ्यात होतो. मी मामांना सांगत होतो, पण त्यांनी फोन..." आणि मग त्याची नजर मागं गेली. मागं अख्खी आळी गुलालात, बबनच्या हातात पेढ्यांचा बॉक्स, आबा अजून नाचतायत. "पप्पा, तुम्ही... आमच्या पराभवावर पेढे वाटले?"

आबांचा नाचातला एक पाय वरच राहिला. मी गुपचूप मोबाईल बघितला. प्राजक्ताचा मेसेज, दोन तासांपूर्वीचा: 'पप्पा, आपली टीम पांढरी आहे. प्लीज ओरडू नका.'

फोन बंद झाला. गुरुजी खुर्चीत बसले. मफलरनं सावकाश तोंड पुसलं. बायको दारात पदर तोंडाला लावून उभी. गेलं, म्हटलं, पोरीचं लग्न गेलं. मी हात जोडले. "गुरुजी, माझं चुकलं. पण तारखेचं..."

"तारीख धरू," गुरुजी म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला.

"आणि एक बरं आहे," तोंडावरची एक रेषासुद्धा न हलवता ते पुढं म्हणाले, "आपल्यात नवरीला बोहल्यावर तिचा मामा घेऊन येतो. वडिलांवर ते काम असतं, तर तुम्ही पोरीला शेजारच्या मंडपात नेऊन उभं केलं असतं. आणि वर पेढेही वाटले असते!"