फोटोवाल्याचा धीर

मी तेव्हा सेलूला मास्तर होतो. नव्या बॉक्स कॅमेऱ्याचे रोल धुवायला दर शनिवारी वर्ध्याच्या एका फोटोवाल्याकडे जायचो. माझी निगेटिव्ह उजेडाकडे धरून तो हळूच चुकचुकायचा. "मास्तर, तुमी माणूस नाई, गर्दी काढून राह्यले. जवळ जाजा. अन् घाई काऊन करता?"

घाई न करणं म्हणजे काय, ते मी एका दुपारी पाहिलं. समुद्रपूरकडची एक म्हातारी पलटणीतल्या मुलाला पाठवायला आयुष्यातला पहिला फोटो काढायला आली होती. कॅमेऱ्यासमोर ती लाकडासारखी ताठ बसली. त्यानं डोक्यावरचं काळं कापड बाजूला सारलं, फोटो घ्यायचा लांब नळीचा रबरी फुगा हातात धरला आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"बाई, पऱ्हाटी कशी हाय औंदा?"

म्हातारी बोलू लागली. कपाशीची बोंडं, वानरं, सून, सगळं निघालं. अर्धा तास गेला. खिडकीतला उजेड सरकत तिच्या गालावर आला. मुलाचं नाव घेऊन ती हसली, आणि त्यानं तिच्याकडेच पाहत फुगा दाबला. एकदाच.

पुढच्या शनिवारी ती फोटो न्यायला आली. दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहत राहिली.

"हे मी नाई," ती म्हणाली. "हे त माही माय हाय. मी लहान होती तवाच गेली."

तिनं फोटो पदरात गुंडाळला.

"पोराले दुसरा काढून दे, बापू," ती म्हणाली. "हा माह्यापाशी राहू दे."