वृषाली मॅडमचा अपुरा राहिलेला रिसर्च

ज्या माणसाने वृषाली मॅडमचं कंपनीत येणं बंद केलं, त्यानेच आज त्यांच्यासोबतचा फोटो टाकलाय.

"कामगारांच्या मानसिक आरोग्यासाठी आम्ही खांद्याला खांदा लावून काम केलं," म्हणे.

साहेब, तुम्ही त्यांना गेटवर अडवलंत तेव्हा मी तिथेच होतो. म्हणून लिहितोय.

मॅडम परवा सकाळी गेल्या. घरीच. हार्ट अटॅक. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या. ॲन्झायटी आणि ओसीडी हा त्यांचा विषय. डोक्यात एक शंका घर करते आणि ती मिटवायला माणूस तीच गोष्ट परत परत करत बसतो, तो आजार.

तो मला होता.

मी चाकणला ब्रेकच्या लाइनवर, फायनल इन्स्पेक्शनला. बोल्ट नीट आवळलाय का बघायचं, खूण करायची, पुढे सोडायचं.

मी सोडायचोच नाही. परत बघायचो. परत.

एखादा ढिला राहिला आणि कुठल्यातरी घाटात कुणाचं अख्खं कुटुंब गेलं तर?

कंपनीच्या बसने संत तुकाराम नगरला घरी पोचायचो आणि बूट न काढताच मागे फिरायचो. रिक्षा, परत चाकण. सिक्युरिटीला काय सांगणार? डबा राहिला म्हणायचो.

कंपनीने काय केलं? सत्कार केला. "झीरो डिफेक्ट" म्हणून कॅन्टीनमध्ये माझा फोटो लावला.

आई तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवायची. घरात मी गॅसच्या शेगडीपुढून हलत नाही, हेही तीच बघायची.

पुढे माझ्यामुळे लाइन थांबायला लागली. फोटो खाली उतरला. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "मेंटल केस आहे राव हा. टार्गेट बोंबललं याच्यामुळे."

त्याच सुमारास मॅडम आल्या. तपासणीचं काम करणाऱ्या कामगारांवर त्यांचा रिसर्च चालू होता, कंपनीने परवानगी दिली होती. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये उभ्या राहून म्हणाल्या, "घरी पोचल्यावर, काहीतरी राहिलं म्हणून कुणी परत कंपनीत येतं का? त्याला हसू नका. यावर उपचार आहेत."

माझा घास हातातच राहिला.

नंतर एकटं गाठून विचारलं, "मॅडम, कामामुळे झालं का हे?"

"तसं मी म्हणत नाही. असलेला आजार कामात लपून राहतो का, ते मी बघतेय. तुमचा लपला होता. वर त्याला हार घातला यांनी."

उपचारासाठी त्या घरी यायच्या. गॅस परत न बघता मी दार ओढून घ्यायचं आणि जिना उतरायचा, एवढंच करायचं होतं.

"मॅडम, गॅस बंद आहे ना?"

"मला माहीत नाही."

"अहो, तुमच्यासमोरच बंद केला की!"

"मी हो म्हटलं, तर थोड्या वेळाने परत विचाराल. शंका राहू द्या. शंकेसकट खाली उतरा."

आई कळवळली. "ताई, पोरगं थरथरतंय. सांगा की एकदा."

"काकू, मलाही बघवत नाही. पण नाही सांगणार."

तेव्हा राग आला होता मला. शर्ट घामाने भिजला होता. मॅडम खाली पार्किंगमध्ये माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. थरथर थांबेपर्यंत.

असे बरेच महिने गेले, आणि एक दिवस मी घरी आल्यावर बूट काढले.

इकडे एचआरच्या याच साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, "या आजाराचे आमच्याकडचे कोण कोण आहेत? सेफ्टीचा प्रश्न आहे."

मॅडम म्हणाल्या, "नावं मिळणार नाहीत."

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा पास रद्द झालेला. भर उन्हात गेटबाहेर उभ्या. साहेब आतल्या बाजूने बोलत होते. आमची बस तेव्हाच लागली. मी उतरून त्यांच्याकडे निघालो.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाकडून वळवावी तशी नजर वळवली.

मला वाचवलं त्यांनी. स्वतः अपमान गिळत असताना.

मग त्यांच्या संस्थेतले वरचे म्हणाले, "सोडा ते कामगार. कॉलेजची पोरं घ्या रिसर्चला, ताथवड्यात रग्गड आहेत."

"माझा प्रश्न कॉलेजच्या पोरांचा नाही," म्हणाल्या. संस्थेची मदत बंद झाली.

शेवटी सलीमभाई नावाच्या एका गॅरेजवाल्याने चाकणमधल्या आपल्या गॅरेजवरची खोली दिली. खाली पत्र्यावर हातोडे पडतायत, वर मॅडम आमच्यासारख्यांचं ऐकतायत. सुट्टीच्या दिवशी, एकट्या. पण बदनामीच्या भीतीने येणार किती? पुरेशी माणसं जमलीच नाहीत. रिसर्च अपुरा राहिला. "नमुना फार लहान आहे, माणसं कमी आहेत," असं कळवून जर्नलवाल्यांनी पेपर परत पाठवला म्हणे.

लहान कुणी ठेवला, ते कुणी विचारलं नाही.

काल निगडीला अंत्यविधी झाला. मागच्या बाजूला काही माणसं उभी होती. वेगवेगळ्या कंपन्यांचे युनिफॉर्म, काही थेट शिफ्टवरून आलेले. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. मॅडमनी आम्हाला एकमेकांचं नाव कधी कळूच दिलं नव्हतं.

त्यांचा भाऊ जवळ आला. "आपण कोण? कंपनीतले का?"

सगळे खाली बघायला लागले.

"मी त्यांचा पेशंट," मी म्हणालो. चारचौघांत पहिल्यांदाच.

बाकीचे तसेच खाली बघत राहिले. त्या भावाने क्षणभर आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. मग एकेकापुढे जाऊन हात जोडले. पुढे काहीच विचारलं नाही.

मॅडम, तुम्हाला माझी मनापासून श्रद्धांजली. या जगाने तुम्हाला नीट वागवलं नाही.

या आता. सुखाने निघा.