भोंगा आणि जाऊबाईंच्या घरची चोरी

बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारण्यात बाईची सगळी नोकरी गेली. बाई निवृत्त झाली, आवाज मात्र कामावरच राहिला. ती घरात मीठ मागायची तरी शेजारची दोन माणसं मीठ घेऊन दारात यायची. गल्लीने तिचं नाव ठेवलं भोंगा, आणि तिलाही ते आवडलं. तिच्या मते निदान त्यात कर्तृत्व तरी दिसत होतं. नवऱ्याने लग्नानंतर लगेचच कानात कापसाचे बोळे घालायची सवय लावून घेतली होती. संसार सुखाचा झाला तो त्यामुळेच, असं तो खाजगीत सांगे.

भोंगा पोलीस ठाण्यात गेली ती समाजसेवेसाठी मुळीच नव्हे. शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार घेऊन ती वरचेवर जायची. शेवटी ठाण्याच्या साहेबांनी हात टेकले. ही बाई अशीही रोज येणारच, तर निदान उपयोगाला तरी येईल, असा विचार करून त्यांनी तिला नागरिकांच्या मदत गटात घालून टाकलं. ज्यांच्याकडे चोरी झाली, ज्यांना मारहाण झाली, अशा लोकांजवळ बसायचं, त्यांना जबाब कसा द्यायचा ते समजावायचं, दवाखान्यात, कोर्टात सोबत जायचं, एवढंच गटाचं काम. पगार नाही. एक पिवळंजर्द जाकीट मिळालं. त्यात भोंगाबरोबर आणखी एक बाई आरामात मावली असती.

गटाला शिकवायला एक समुपदेशक मुलगी यायची. अगदी हळू आवाजात बोलणारी. तिने एकच नियम पुन्हा पुन्हा घोटून घेतला, "आपण फक्त ऐकायचं. सल्ला नाही, शेरा नाही, आणि आपल्या घरच्या गोष्टी तर मुळीच नाहीत."

"मग बोलायचं काय?" भोंगाने विचारलं, तशी खिडकीवरची कबुतरं उडाली.

"काहीच नाही, काकू."

भोंगाला ही शिक्षा फाशीपेक्षा कडक वाटली. पहिल्याच आठवड्यात सायकल चोरीला गेलेल्या एका आजोबांना तिने असा धीर दिला, की कोठडीतला आरोपीसुद्धा आतून म्हणाला, "जाऊ द्या आजोबा, मिळेल." पण आजोबा जाताना हसत गेले होते, म्हणून साहेबांनी तिला काही म्हटलं नाही.

मग एके दिवशी सकाळी हवालदाराचा फोन आला. घरफोडी झालीय, घरात बाई एकटीच आहे, नीट बोलत नाहीये, ताबडतोब जा. पत्ता ऐकून भोंगाने फोन कानापासून लांब धरला. घर तिच्या थोरल्या जावेचं होतं.

या दोघी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. घरातल्या एका लग्नात कोणीतरी भोंगाच्या हातात माईक द्यायला गेलं, तेव्हा जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हिला माईक कशाला? वीज फुकट जाईल." अख्खा मांडव हसला. भोंगाचा नवराही हसला, आणि ते तिला जास्त लागलं.

"नातेवाइकांकडे आम्हाला पाठवायचं नाही, असा नियम आहे," ती हवालदाराला म्हणाली.

"बोलणं आहे का तुमचं?"

"नाही."

"मग कसले नातेवाईक? दुसरं कोणी मोकळं नाही. जा लवकर."

जाऊबाई पुढच्या खोलीत स्टुलावर बसल्या होत्या. कपाट सताड उघडं, कपड्यांचा ढीग जमिनीवर, दाराची कडी तुटून लोंबत होती. हातात केरसुणी होती, पण झाडलेलं काहीच नव्हतं. पिवळ्या जाकिटात कोण आहे हे कळल्यावर त्यांनी मान फिरवली.

"पोलिसांना दुसरं कोणी मिळालं नाही?"

"नाही मिळालं," भोंगा म्हणाली. "आणि मला बोलायची मनाई आहे, जाऊबाई. बोलायचं तर तुम्हीच बोला."

ती समोरच्या खुर्चीत बसली आणि तिने खरोखर तोंड मिटलं. जबडा दुखायला लागला तरी मिटलेलंच ठेवलं. भोंगा गप्प बसलेली जाऊबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. आधी त्यांना बरं वाटलं, मग विचित्र वाटलं, आणि मग तर भीतीच वाटायला लागली.

"अगं बोल की काहीतरी! असं मेल्यासारखं काय बसायचं?"

भोंगाने फक्त मान हलवली.

त्या मान हलवण्यातच जाऊबाईंचा बांध फुटला. चोराने कडी तोडलीच नव्हती. कडी त्यांनी स्वतः हातोडीने तोडली होती, चोर गेल्यानंतर. चोराला तर त्यांनी स्वतः दार उघडून आत घेतलं होतं. पाणीखात्यातून आलोय म्हणाला. गळ्यात ओळखपत्र होतं, बोलणं गोड होतं. तुमच्या टाकीत पाणी नीट चढत नाही, म्हणाला. काकू, तुम्ही जरा गच्चीवर जाऊन बघता का, मी खाली नळ फिरवतो.

"मग?" भोंगाच्या तोंडून नकळत निघालं.

"मग काय! मी वरून ओरडतेय, सोडलं का पाणी? आणि तो मेला खालून ओरडतोय, अजून नाही, काकू! मी टाकीत तोंड घालून बसलेय, आणि तो माझ्या कपाटात."

भोंगाने ओठ चावले. समुपदेशक मुलीचा चेहरा आठवून पाहिला. नवरा हसला होता ते लग्नही आठवून पाहिलं. कशाचा उपयोग झाला नाही. ती हसली, आणि ते हसू जिन्यावरून खाली उतरून रस्त्यापर्यंत गेलं. जाऊबाईंनी केरसुणी फेकून मारली. ती जाकिटाला लागून खाली पडली.

"हास! म्हणूनच खोटं सांगितलं मी पोलिसांना. मुलाला कळलं तर म्हणेल, आई, तुला आता एकटं राहता येत नाही. घर विकायला टपलाच आहे तो. मला त्याच्याकडे कोपऱ्यातल्या खोलीत राहायचं नाहीये!"

आणि त्या रडायला लागल्या. भोंगाचं हसू जागच्या जागी थिजलं. तिने खुर्ची ओढून जवळ घेतली. मग तिच्या मानाने अगदी हळू, म्हणजे फक्त खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात ती म्हणाली, "जाऊबाई, पोलीस आता कड्या तोडणारा माणूस शोधत बसतील. आणि हा गोडबोल्या उद्या दुसऱ्या कोणाला तरी गच्चीवर चढवेल."

"चढवू दे. मी एकटीनेच का मूर्ख ठरायचं?"

भोंगाने कपडे उचलून घड्या घालायला घेतल्या. जाऊबाईंनी तिच्या घड्या मोडून पुन्हा आपल्या पद्धतीने घातल्या. ढीग संपत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "येते. पण तिथे मी बोलेन. तू तोंड उघडायचं नाहीस."

ठाण्यात बाकावर बरीच माणसं बसली होती. जाऊबाई टेबलाशी वाकून पुटपुटल्या. टंकलेखन करणाऱ्या शिपायाला काही कळेना.

"काय? कोण चढलं?"

जाऊबाई पुन्हा पुटपुटल्या.

"जरा मोठ्याने सांगा हो. छतावरून आला का चोर?"

"तो नाही, या चढल्या होत्या गच्चीवर!" भोंगाचा धीर सुटला. "पाणीखात्याचा माणूस म्हणून घरात घुसला आणि यांनाच टाकी बघायला वर पाठवलं!"

जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी जावेकडे असं पाहिलं, की केरसुणी हातात नाही याचं भोंगाला बरं वाटलं.

तेवढ्यात बाकावरचे एक निवृत्त मुख्याध्यापक उठले. पाकीट हरवल्याची तक्रार द्यायला आले होते. घसा खाकरून म्हणाले, "मलाही चढवलं होतं."

"कुठे?" शिपायाने विचारलं.

"गच्चीवर. पाकीट वगैरे काही हरवलेलं नाही." आणि ते जाऊबाईंकडे वळले. "तुम्ही किती वेळ होतात? मी तर बादलीसुद्धा घेऊन गेलो होतो."

जाऊबाईंनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलायला लागले होते. मग दोघंही हसत सुटले, आणि साहेब काय झालं म्हणून बाहेर आले. आठवडाभरात असे आणखी काही लोक निघाले. कोणी चोरी लपवली होती, कोणी गच्ची.

तो गोडबोल्या पकडला गेला एका शिंपिणीमुळे. गुडघे दुखतात, मी वर जाणार नाही, तूच जा, असं म्हणून तिने त्यालाच गच्चीवर पाठवलं आणि खालून दाराला कुलूप घातलं. पोलिसांनी जाऊबाईंना ओळख पटवायला बोलावलं. त्यांनी त्याला बरोबर ओळखलं. कपाटातून गेलेल्या सोन्याच्या बांगड्या काही परत मिळाल्या नाहीत. त्या वितळवून झाल्या होत्या. मुलाला सगळं कळलं, तो घर विकायचं बोललाही, आणि जाऊबाईंनी त्याला फोनवर असं झाडलं की त्याने विषय पुन्हा काढला नाही.

दोघी जावा आता बोलू लागल्या होत्या, म्हणजे मुख्यतः भांडू लागल्या होत्या.

कोर्टाच्या तारखेला भोंगा जाकीट चढवून सोबत गेली. बाहेरच्या लांब बाकाच्या टोकाला एक बाई एकटीच बसली होती. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. घाईत घरून निघाली असावी. ती गोडबोल्याची आई होती. आल्यागेल्या प्रत्येकाकडे ती, हाच आता ओरडणार, अशा नजरेने बघत होती. भोंगाने थोडा वेळ दम धरला, मग उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. काही बोलली नाही.

जाऊबाईंचा पारा चढला. त्या तिथूनच ओरडल्या, "तू कोणाच्या बाजूची आहेस गं? जाकीट कोणाचं घातलंयस?"

"माझ्याच मापाचं नाहीये, कोणाचं म्हणून सांगू?"

जाऊबाई तडक निघून गेल्या. आता या साक्षच देणार नाहीत, अशी भोंगाला धास्ती वाटली. पण त्या उपाहारगृहातून परत आल्या त्या हातात चहाचे दोन कप घेऊन. एक त्यांनी त्या आईच्या हातात दिला, तिच्या तोंडाकडे न बघता.

"घे. आत वेळ लागतो. आणि एक लक्षात ठेव, मी खरं तेच सांगणार आहे."

"सांगा," ती आई म्हणाली. "मीसुद्धा त्याला तेच सांगितलंय."

दुसरा कप जाऊबाईंनी स्वतः प्यायला. भोंगाला विचारलंही नाही. मग पट्टेवाल्याने पुकारा केला, तसा त्यांनी कप बाकाखाली सरकवला, केस सारखे केले आणि साक्ष द्यायला आत गेल्या.