अक्का गोळी का चुकवत होती

माझी थोरली बहीण वरकुट्याला दिलेली, इंदापूर तालुक्यात. मी बारामतीत. आम्ही दोघीच बहिणी, त्यामुळं एकमेकींचं काही लपलेलं नाही असं मला कायम वाटत आलं.

अक्का बायकांच्या टोळीची मुकादम होती. डाळिंबाच्या बागांत छाटणी, तोडणी असली कामं ती घ्यायची. सकाळी पिकअप गावात यायचा, बायका मागं उभ्या राहायच्या आणि अक्का पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी. लांबलांबचे बागायतदार तिला फोन करायचे. फांदी कुठं कापली म्हणजे पुढच्या बहाराला फळ धरतं हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवीन पोरगी आडवीतिडवी कापायला लागली की अक्का लांबूनच ओरडायची, "अगं, हातात कात्री हाय तुज्या, कोयता न्हाय!" साठी गाठली तरी कामावरचा खाडा तिला माहीत नव्हता.

रक्तदाब सापडला तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्यावर. आधी बीपी खाली आणा, मग डोळ्याचं बघू, असं तिथं सांगितलं. मग भाचा, म्हणजे तिचा मुलगा, तिला मोटारसायकलवर घालून इंदापूरच्या डॉक्टरांकडं न्यायला लागला. पहिल्यांदा एक साधी गोळी होती. तेवढ्यानं भागेना म्हणून डॉक्टरांनी ती बदलून दोन औषधांची मिळून एकच गोळी दिली. एक औषध रक्तदाब उतरवणारं, दुसरं लघवीवाटे अंगातलं जास्तीचं मीठ-पाणी काढणारं. रोज सकाळी एक. गोळ्या कमी, विसरायची भीती कमी. डॉक्टरांनी हे सगळं भाच्याला समजावून सांगितलं, कारण टेबलापुढच्या खुर्चीत तो बसला होता. अक्का बाजूच्या स्टुलावर.

पुढं दर खेपेला अक्काचा रक्तदाब चढलेलाच निघायचा. डॉक्टर विचारायचे, "गोळी रोज घेताय ना मावशी?"

"व्हय, घेती की," अक्का म्हणायची.

रोज घेऊनही उतरत नाही म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार? त्यांनी त्याच गोळीची ताकद वाढवली. पुढं आणखी एकदा वाढवली. माझ्या घरात आमच्या ह्यांनाही तसलीच दोन औषधांची गोळी आहे. ती त्यांना कधी बाधली नाही. हे रिटायर झालेले, दिवसभर घरात, संडास-बाथरूम घरातच. तेव्हा या गोष्टीकडं मी लक्षच दिलं नव्हतं.

मागच्या चैत्रात बागांची कामं थंडावली आणि अक्का घरी बसली. गावच्या जत्रेची तयारी चालली होती. घर झाडताझुडता अक्काच्या सूनबाईला फळीवरच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. काही अर्धीमुर्धी, काही उघडलेलीसुद्धा नाहीत. तिनं मला फोन केला.

"मावशी, आत्या गोळ्या घेतच न्हाईत की. आपलं नुसतं व्हय-व्हय म्हणत्यात. आता मीच देत जाईन हातानं."

मी म्हणाले, "बरं झालं बाई तू बघितलंस."

पोरगी बारावी शिकलेली, कामाची. जे अंगावर घेईल ते नीट करायची. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबर गोळी अक्काच्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. अक्कानंही कुरकूर केली नाही. घरीच होती, परसात मोरी होती.

पण ही गोळी आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. अक्का गोळी घेत नाही हे ठाऊक नसल्यानं चढवत नेलेली ती ताकद होती, आणि ती तिच्या अंगात पहिल्यांदाच रोजच्या रोज जायला लागली होती. उठताना अक्काच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. तिनं कुणाला सांगितलं नाही. ऊनच तसलं पडलंय, असं तिनं मनाशी धरलं.

जत्रा झाली आणि अक्काचं पोट बिघडलं. जुलाब लागले, मधून उलट्याही. सूनबाईनं मीठ-साखरेचं पाणी केलं, तांदळाची पेज केली, लुगडी धुतली. आणि रोज सकाळी न चुकता गोळी दिली. "एक दिवससुद्धा चुकवायची नाही," असं डॉक्टरांनी बजावलेलं तिनं नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. आजारपणात तर जास्तच जपायला हवं, असं तिला वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं.

दोन-तीन दिवस असे गेले. एका सकाळी अक्का मोरीकडं जायला म्हणून बाजेवरून झटक्यानं उठली, दोन पावलं टाकली आणि पायरीवर आडवी पडली. खुबा मोडला.

तिला बारामतीला आणलं. दवाखाना माझ्या घरापासून जवळ, म्हणून त्यांच्या आधी मीच तिथं पोचले होते. अक्काचा चेहरा राखेसारखा झाला होता. रक्तदाब मोजला तर कधी नव्हे इतका उतरलेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी चालू औषधं विचारली. सूनबाईनं पर्समधून पाकीट काढून पुढं केलं.

"जुलाब चालू असताना ही गोळी दिली?"

"व्हय. रोज दिली," ती म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नीट समजावलं. या गोळीतलं एक औषध अंगातलं पाणी काढतं, आणि जुलाब-उलट्यांनी ते आधीच गेलेलं असतं. मग दाब एकदम कोसळतो, मूत्रपिंडावर ताण येतो. "गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही हे खरंच. पण असं आजारपण आलं की डॉक्टरांना फोन करून विचारायचं, घ्यायची की चार दिवस थांबायचं. आणि उठताना आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, मग उभं राहायचं."

अक्काला एक्स-रेला न्यायचं होतं. ती स्ट्रेचरवर, दाराच्या आत. आम्ही बाहेर. भाच्याला इतका वेळ दाबलेलं आवरेना.

"तुला कुणी सांगितली हुती डॉक्टरकी करायला?" तो बायकोवर ओरडला. "इतकी वर्सं आई चालतीफिरती हुती. तू गोळ्या द्यायला लागलीस आन् महिन्यात मोडून पडली!"

बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. सूनबाई भिंतीला टेकून उभी होती, पाकीट हातात तसंच. मी भाच्याला म्हणाले, "अरे, हळू," आणि तेवढंच म्हणाले.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी अक्काजवळ मी एकटीच होते. डॉक्टरीणबाईंना एक कोडं पडलं होतं. इतक्या ताकदीची गोळी अक्का आधीपासून घेतेय, मग याआधी कधी चक्कर कशी आली नाही? रोज घेत नव्हत्या म्हणून, एवढं मला ठाऊक होतं. पण का? मी अक्काला तेच विचारलं.

"कामाच्या दिशी मी घेतच न्हवते. घरी असले तरच घ्यायची. पण घरी मी कधी असते?"

"पण का गं?"

"गोळी घेतली की दुपारपातूर निभाव न्हाय. सारकं जायला लागतं. बागंत कुठं जाऊ? डाळिंबाचं झाड ते केवढं, आडोसा म्हणून न्हाय. भवती तारंचं कुंपण, फवारणीवाली बापयमाणसं फिरत्यात. आमच्या बाया दीस दीस पाण्याला तोंड लावत न्हाईत त्याच्यापायी. पर ही गोळी कुठली ऐकती?"

"डॉक्टरला सांगायचंस की."

"पोरगा मांडीला मांडी लावून बसलेला. त्येच्यापुढं काय सांगू, मला लघवी आवरत न्हाय म्हणून?"

आई गेल्यापासून आम्ही फोनवर काय काय बोललो. सुना, नातवंडं, गुडघे, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं जमलं. आणि हे एवढं तिनं पोटात ठेवलं होतं.

मी ते डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "एवढंच होतं? अहो, लघवीचं औषध नसलेली दुसरी जोडगोळी मिळते. त्यांनी सांगितलं असतं तर डॉक्टरांनी ती दिली असती. आणि ताकद वाढवायची वेळही कदाचित आली नसती."

अक्काला मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "पोराला बोलू नगंस. माजी शपथ हाय तुला." आणि तोंड भिंतीकडं केलं.

वरकुट्याला गेल्यावर अक्काचं सगळं अंथरुणात आलं. सूनबाईनं ते केलं. भांडं द्यायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची. तोंड वाकडं करून नाही, पण तोंड उघडूनही नाही. गोळ्यांना मात्र तिनं परत हात लावला नाही. चहा ठेवायची आणि म्हणायची, "गोळीचं तुमचं तुमी बघा, आत्या." दवाखान्यातून बदलून दिलेली गोळी भाचा कामावर जाण्याआधी काढून द्यायचा. नवराबायकोत कामापुरतं बोलणं उरलं होतं. मी दोन दिवस राहायला गेले तेव्हा हे बघितलं.

दुपारी सूनबाई शेताकडं गेल्यावर मी अक्काजवळ बसले. "लाज तुझी, आणि वझं तिच्या डोक्यावर. किती दिवस ठेवणार आहेस?"

"मला का कळत न्हाय?" अक्का म्हणाली. "त्या दिशी दार उघडंच हुतं. तो तिला बोलला ते समदं ऐकलं मी. तवाच म्हणायला पायजे हुतं, तिला बोलू नगंस म्हणून. जीभ उचलली न्हाय माजी. आता दिसामागनं दीस गेलं. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

तरी तिनं सांगितलं. त्याच दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, भाचा जेवायला बसला होता आणि सूनबाई भाकरी थापत होती. अक्का बाजेवरूनच बोलली, दोघांकडंही न बघता. डाळिंबाच्या बागा, गोळी, आडोसा, डॉक्टरपुढं गप्प बसणं. वाक्यं तुटत होती, मधेच ती थांबायची. "हिचा काय गुन्हा न्हाय. मी खोटं बोलत हुते. मी खोटं बोलले म्हणून डाक्टरनं गोळी चढवली." एवढं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

भाच्याचा हात ताटात तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, मीच पुढं होऊन ती उलटली. सूनबाई पिठाच्या हातांनी बसून होती.

"मला तरी सांगायचं, आत्या," ती म्हणाली. "बाळ व्हायच्या आधी मी बी त्याच बागांत येत हुते की तुमच्या टोळीत. मला का ठावं नव्हतं?"

त्या घरात एकमेव माणूस असं होतं, ज्याला अर्ध्या वाक्यात सगळं कळलं असतं, आणि त्याच माणसानं बोल खाल्ला होता.

भाचा ताटावरून उठला, हात धुतले आणि मोटारसायकल काढून बाहेर गेला. त्यानं बायकोची माफी मागितली का, मला माहीत नाही. आमच्यासमोर तरी नाही.

आता अक्काची गोळी बदलली आहे. तीही दोन औषधांचीच, पण लघवीच्या औषधाची नाही. पायावर सूज येते का ते बघायला सांगितलंय, मधून मधून रक्त तपासायला सांगितलंय, आणि गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत असं बजावलंय. डॉक्टरांकडं आता अक्काबरोबर आत सूनबाई जाते. भाचा बाहेर बाकड्यावर बसतो. हे कुणी ठरवलं नाही, पहिल्याच खेपेला तो आपणहून बाहेर थांबला.

अक्का वॉकर धरून अंगणापर्यंत येते. त्याच्या पुढं जाणं होईल असं डॉक्टरांना वाटत नाही, तिलाही वाटत नाही. टोळी आता दुसरी एकजण सांभाळते. बहार धरायच्या दिवसांत एखादा बागायतदार अजून अक्काला फोन करतो आणि छाटणीचं विचारतो. ती सांगते, पण बाग डोळ्यांनी बघितल्याशिवाय नीट सांगता येत नाही, म्हणून फोन ठेवल्यावर चिडचिड करते.

मागच्या खेपेला निघताना मी तिला विचारलं, सूनबाई बोलते का आता पहिल्यासारखी?

"बोलती," अक्का म्हणाली. "वाईट वागत न्हाय. पर हसत न्हाय माज्याजवळ." आणि मग, माझी पिशवी पुढं सरकवत, "जा आता, यष्टी चुकंल."